हिरव्या बसचं इंजिन आणि माझी जुनी स्कूटर : नितीन गडकरी यांना खुले पत्र

प्रति,
मा. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
आणि आमचे खासदार

सप्रेम नमस्कार.

पत्र पेट्रोलबद्दल आहे, म्हणजे त्यात आता वीस टक्के मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉल नावाच्या अल्कोहोलबद्दल. पंपावरचं पेट्रोल आपल्या खात्यात येत नाही, ते पेट्रोलियम मंत्रालयाचं काम, हे मला ठाऊक आहे. पण तिथे दिल्लीत नागपुरातल्या एका मास्तराचं मराठी पत्र कोण वाचणार? आणि इथेनॉल म्हटलं की देशभर नाव निघतं ते आपलंच. कौतुक करणारेही आपलंच घेतात, बोटं मोडणारेही आपलंच. शिवाय कोणत्या गाडीला कोणतं इंधन चालतं, याचे नियम आपल्याच मंत्रालयातून निघतात. म्हणून दार आपलंच ठोठावतो.

आधीच सांगून टाकतो, मला कोणी पैसे दिलेले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहन उद्योगाच्या एका कार्यक्रमात आपण म्हणालात की ई-२० विरुद्ध, म्हणजे या वीस टक्के मिश्रणाविरुद्ध, समाजमाध्यमांवर चाललेली मोहीम पैसे देऊन चालवलेली आहे. असेलही, मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, जिथे मी महिनाभर मायलेजची कुरकुर करत होतो, तिथल्या मंडळींनी विचारलं, "मास्तर, तुमाले किती भेटले?" तेव्हापासून चहाचे पैसे मलाच द्यावे लागतात. आपल्या एका वाक्याने झालेलं हे माझं प्रत्यक्ष नुकसान.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे २०१२ची स्कूटर आहे, कार्बोरेटरवाली. घेतली त्या दिवसापासून पेट्रोलची वही ठेवतो. तारीख, लिटर, किलोमीटर. बायकोच्या मते हा एक आजार आहे. वही सांगते की पूर्वी ही गाडी लिटरला ४६ द्यायची, गेल्या वर्षभरात ४४ देते. गाडी म्हातारी झाली, टायरची हवा, रेल्वेच्या फाटकावरची वाट पाहणं, सगळं त्यात आलं, म्हणून या वहीला मी प्रयोगशाळेचा दर्जा देत नाही. पण नीती आयोगाने २०२१ साली इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा काढला, त्यातच लिहिलं होतं की जुन्या धाटणीच्या दुचाकीचं मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्के घटेल आणि चारचाकीचं ६ ते ७ टक्के. माझी वही त्याहून वेगळं काही बोलत नाही. म्हणजे सरकारचाच आकडा बरोबर निघाला की! मग तो पंपावर लिहायला संकोच कसला?

मी ज्या पंपावर जातो तिथे हवा फुकट असल्याचं लिहिलेलं आहे. तक्रारपेटी कुठे, पाण्याची सोय कुठे, आजची घनता किती, तेही आहे. मागितलं तर पेट्रोल तपासायला फिल्टर पेपर मिळतो, पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा म्हटलं तर तेही दाखवावं लागतं. फक्त या नळीतून येणाऱ्या द्रवात पाचवा हिस्सा पेट्रोल नाही, एवढंच कुठे वाचायला मिळालं नाही. दुधाच्या पिशवीवर फॅट किती ते छापलेलं असतं. ३० रुपयांच्या पिशवीला जो न्याय, तो १०४ रुपयांच्या लिटरला नको?

तर मी घरीच मोजलं. ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त होताना मुलांनी १०० मिलिलिटरचं मोजपात्र भेट दिलं होतं, ते उपयोगी पडलं. (बायकोने आधी देवघरातलं निरांजन विझवलं, मग सगळ्या खिडक्या उघडल्या, मग स्वतः शेजारी निघून गेली. कोणी करून पाहणार असेल तर अंगणात करा, घरात नको.) प्रयोग सातवीच्या पोरालाही कळेल असा आहे. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याचा ओढा जास्त. पात्रात ५० मिली पेट्रोल घ्यायचं, त्यात १० मिली पाणी घालायचं, हलवायचं, ठेवून द्यायचं. नुसतं पेट्रोल असेल तर खाली १० मिली पाणीच राहील. इथेनॉल असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. माझा थर विसाला जरा कमी पडला. तेवढं कमी पडणारच, कारण पाणी आणि अल्कोहोल एकत्र आले की दोघं मिळून थोडे आकसतात. म्हणजे मिश्रण वीस टक्क्यांचंच आहे, भेसळ नाही, सरकार सांगतं तेच आहे. पंपवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की हे कळायला मला मोजपात्र लागलं.

इथेनॉलच्या विरोधकांचीही खरडपट्टी काढतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की ई-२० मध्ये उसाची साखर असल्यामुळे टाकीला मुंग्या लागतात. बाप्पा! साखर आंबवून तिचं अल्कोहोल करतात आणि मग ते ऊर्ध्वपातनाने वेगळं काढतात, साखर मागे कारखान्यातच राहते. दुसरा मेसेज असा की ई-२० हवेतलं पाणी ओढतं म्हणून पावसाळ्यात गाडी बंद पडणार. पाणी ओढतं हे खरं. पण ई-१० पेक्षा ई-२० जास्त पाणी पोटात ठेवू शकतं, थर वेगळे व्हायला त्याला पाणी जास्त लागतं. टाकीचं झाकण नीट बसत असेल तर हवेतल्या ओलीने काही होत नाही. भीती आहे ती वेगळीकडे. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नागनदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, ते आपल्याला सांगायला नको. असं पाणी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलं तर पूर्वी ते तळाशी गुपचूप बसायचं आणि तपासणीत पकडलं जायचं. आता ते आधी इथेनॉलमध्ये मुरतं, आणि प्रमाण ओलांडलं की इथेनॉललाच खाली ओढून नेतं. माझ्या मोजपात्रात झालं तेच, फक्त हजारो लिटरच्या टाकीत. पंपांची पावसाळी तपासणी त्या हिशेबाने बदलली का, हे विचारायला हवं. मुंग्यांबद्दल नको.

आणि रबर. सक्करदऱ्याच्या बाजूला माझा मिस्त्री आहे. मागच्या वर्षी त्याने स्कूटरची पेट्रोलची नळी काढून हातात दिली. वाळलेल्या चिंचेसारखी कडक. मी म्हटलं, इथेनॉलने झालं का रे? तो म्हणाला, "काकाजी, मले काय मालूम पेट्रोलात काय टाकते ते. पण पयले एवढ्या नळ्या बदलवत नव्हतो ना मी." एका मिस्त्रीचं म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे, चौदा वर्षांची नळी कशानेही कडक होईल. पण काही जातीच्या रबराला आणि प्लास्टिकला इथेनॉल मानवत नाही, हे पाठ्यपुस्तकातलं आहे. म्हणूनच तर एप्रिल २०२३ पासून ई-२० ला टिकतील असे भाग आणि एप्रिल २०२५ पासून ई-२० साठीच जुळवलेली इंजिनं, अशी वेळापत्रकं आखली गेली. नव्या गाड्यांसाठी तयारी लागते हे सरकारला मान्य. जुन्यांना चालून जातं हेही सरकारलाच मान्य. दोन्ही थोडं थोडं खरं असेल, पण मग ते "थोडं" किती, हे गाडीमालकाला कोण सांगणार?

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे, ती. २०१४च्या ऑगस्टमध्ये आपण नागपुरात इथेनॉलवर चालणारी बस आणली. स्कॅनियाची, हिरवी. मी मुद्दाम बसून आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात तासभर त्या बसवरच बोललो. कारण ती बस म्हणजे रसायनशास्त्राचा सुंदर धडा होता. ९५ टक्के इथेनॉल, त्यात पेट घ्यायला मदत करणारं रसायन, आणि डिझेलच्या तत्त्वावर चालणारं इंजिन, ज्यात हवा २८ पट दाबली जाते. साध्या डिझेल इंजिनात एवढा दाब नसतो. इथेनॉल नुसत्या दाबाने सहजासहजी पेटत नाही, म्हणून स्वीडनच्या इंजिनिअरांनी इंजिनच त्याच्यासाठी बांधलं. आधी इंधनाचा स्वभाव पाहिला, मग यंत्र केलं. पुढे २०१८ मध्ये कंपनीने पैशांच्या वादात गाशा गुंडाळला आणि बसगाड्या उभ्या राहिल्या, तो भाग वेगळा. विज्ञान नापास झालं नव्हतं, हिशेब नापास झाला होता.

तसंच २०२३च्या ऑगस्टमध्ये आपण पूर्ण इथेनॉलवर चालू शकणारी इनोव्हा दिल्लीत दाखवलीत. तिथेही तेच. मिश्रण किती आहे हे ओळखून इंजिन स्वतःला जुळवून घेतं. थंडीत सुरू होण्याची सोय वेगळी, पाइप वेगळे. म्हणजे जेव्हा जेव्हा आपण स्वतः इथेनॉलची गाडी हौसेने लोकांपुढे आणली, तेव्हा इंजिन तिच्यासाठी बनवलेलं होतं. माझ्या स्कूटरच्या बाबतीत मात्र क्रम उलटा झाला. इंधन आधी आलं. इंजिन २०१२चंच.

आपण सांगता की इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्याने गाडी चांगली पळते. खरं आहे, १०८च्या वर आहे. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब सहन करून अवेळी न पेटण्याचा तो गुण आहे. त्याचा फायदा घ्यायला इंजिनाने जास्त दाबायला हवं किंवा ठिणगीची वेळ बदलायला हवी. माझ्या कार्बोरेटरला यातलं काही येत नाही. त्याला कळतं ते एवढंच की लिटरमागे उष्णता कमी मिळते आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या जवळजवळ दोन तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे साडेसहा-सात टक्के. आधी दहा टक्के मिश्रण होतंच, तेव्हा नव्याने गेलेली ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. १०४ रुपयांच्या लिटरमागे साडेतीन रुपये.

मी महिन्याला बारा लिटर भरतो, म्हणजे माझे चाळीस-बेचाळीस रुपये गेले. एवढ्यासाठी कोणी केंद्रीय मंत्र्याला पत्र लिहीत नाही. पण आमच्या गल्लीत खाण्याचे डबे पोचवणारं एक पोरगं आहे, ते रोज तीन लिटर जाळतं. त्याचे महिन्याला तीनशे होतात. त्याला कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि त्याची कंपनी त्याला किलोमीटरचा दर जुनाच देते.

त्याच नीती आयोगाच्या आराखड्यात असंही होतं की मायलेज घटतं म्हणून ई-२० साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं. तसं झालं नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये याचं उत्तर दिलं, आणि उत्तर प्रामाणिक होतं हे कबूल करतो. २०२०-२१ ला इथेनॉल स्वस्त होतं, २०२४-२५ मध्ये वाहतूक आणि जीएसटी धरून ते सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडलं, शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग. ठीक. मग सरळ म्हणा की बाबांनो, हे स्वस्त नाही, हे परकीय चलन वाचवायला आणि शेतकऱ्याला पैसा मिळावा म्हणून आहे, आणि त्याचा थोडा भार तुमच्यावर आहे. लोक देतील. गॅसची सबसिडी सोडा म्हटल्यावर याच लोकांनी सोडली होती. मीही सोडली. माणूस देशासाठी पैसे देताना कुरकुरत नाही, त्याला न सांगता खिशातून काढले की कुरकुरतो.

ब्राझीलचा दाखला आपण नेहमी देता. द्याच. त्यांनी १९७५ ला सुरुवात केली, कुठलंही मिश्रण चालणाऱ्या गाड्या २००३ मध्ये आल्या, आणि २७ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर ते आत्ता २०२५ मध्ये गेले. पन्नास वर्षं. आपण २०१४च्या दीड टक्क्यावरून वीस टक्क्यांवर अकरा वर्षांत आलो, आणि २०३०चं लक्ष्य २०२५ मध्येच गाठलं. वेगाचं कौतुक आहे. पण ब्राझीलच्या पंपावर इथेनॉलची नळी वेगळी असते आणि दर वेगळा लिहिलेला असतो. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर ते भरायचं, नाहीतर दुसरं, हा हिशेब तिथला टॅक्सीवालाही तोंडी करतो. त्याला तो करता येतो, कारण त्याच्यापुढे दोन आकडे असतात.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला यावरची याचिका फेटाळली, हे माहीत आहे. पीठावर आमच्या अमरावतीचे सरन्यायाधीश होते. न्यायालयाने सरकारला भाग पाडलं नाही, तो न्यायालयाचा अधिकार. पण सरकारने आपणहून पाटी लावू नये, असं काही कोणी म्हटलेलं नाही.

आता शेतकऱ्याकडे येतो, कारण आपलं आवडतं वाक्य तेच आहे, अन्नदाता ऊर्जादाता झाला पाहिजे. कुठला अन्नदाता, साहेब? ऊस पश्चिम महाराष्ट्राचा. (एक लिटर इथेनॉलच्या उसाला २,८६० लिटर पाणी लागतं, हा आकडाही नीती आयोगाचाच.) मका आहे, पण आपल्या विदर्भाच्या वाट्याला तो किती? आपलं पीक कापूस, सोयाबीन, संत्रा, आणि पूर्वेला भंडारा-गोंदियाचा धान. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी मेहुण्याबरोबर कळमन्याच्या धान्यबाजारात गेलो होतो. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये. बोली लागत होती ती त्याच्या बरीच खाली. व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "पेंडीले उठावच नाही तर दाण्याले भाव कुठून येईन?"

पेंडीला उठाव का नाही, याची कारणं अनेक आहेत. बाहेरून येणारं स्वस्त तेल आहे, पावसाने काळा पडलेला दाणा आहे. पण एक कारण इथेनॉलच्या कारखान्यातून निघतं. मक्यापासून किंवा तांदळापासून इथेनॉल काढलं की जो चोथा उरतो, तो वाळवून कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात जातो. त्याला डीडीजीएस म्हणतात. तांदळाच्या चोथ्यात तर प्रथिनं सोयाबीनच्या पेंडीच्या जवळपास असतात, आणि भाव कमी. कोंबडीवाल्याने तेच घ्यावं, त्यात त्याची चूक नाही. पण बघा कसं झालं. २०२४-२५च्या इथेनॉल वर्षासाठी अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ कारखान्यांना द्यायचं ठरलं, क्विंटलला २,२५० रुपयांनी. महामंडळाला स्वतःला तो याहून कितीतरी महाग पडतो. म्हणजे सरकारी पैशाने स्वस्त केलेला तांदूळ, त्याचा चोथा, आणि त्या चोथ्याशी स्पर्धा काटोल-उमरेडच्या सोयाबीनची. एक शेतकरी ऊर्जादाता होताना दुसऱ्याची पेंड पडून राहते. हे आपल्या भाषणात कधी ऐकलं नाही. आपण रोखठोक बोलता म्हणून लोकांना आवडता. हेही बोला.

विदर्भाचं इथेनॉल वेगळं असू शकतं, आणि आपल्याला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पानिपतला ऑगस्ट २०२२ पासून धानाच्या तणसापासून इथेनॉल काढायचा प्रकल्प आहे. आसामात नुमालीगडला सप्टेंबर २०२५ मध्ये बांबूपासून काढणारा सुरू झाला. बांबू गडचिरोलीत काय कमी आहे? आणि कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी? फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्धा, यवतमाळच्या रस्त्याने जा, बांधाबांधाला पऱ्हाटी जळताना दिसते. त्यातला सेल्युलोज फोडून साखर करणं कठीण आहे, महाग आहे, पानिपतलाही वाटलं तेवढं सोपं गेलेलं नाही. पण आमच्या शेतकऱ्याला ऊर्जादाता म्हणायचं असेल तर त्याच्या शेतात जे खरंच वाया जातं तिथून सुरुवात व्हावी. आपल्या शहरात तंत्रशिक्षणाच्या एलआयटी आणि व्हीएनआयटी आहेत, पर्यावरण संशोधनाची नीरी आहे. तेलबियांपासून सांडपाण्यापर्यंत सगळ्यावर काम करून बसलेली माणसं आहेत. त्यांना पऱ्हाटीवर पाच वर्षं पैसे द्या.

माझं मागणं मात्र त्याहून पुष्कळ लहान आहे. डिसेंबर २०२०च्या आपल्याच मंत्रालयाच्या मसुद्यात होतं की कोणत्या गाडीला किती टक्के इथेनॉल चालतं ते कंपनीने ठरवावं आणि गाडीवर ठळक स्टिकर लावून सांगावं. कल्पना उत्तम होती. तिचा दुसरा अर्धा भाग पंपावर पाहिजे. घनता लिहितात त्याच फळ्यावर आणखी एक ओळ, इथेनॉल इतके टक्के. त्याखाली, २०२३ पूर्वीच्या गाडीचं मायलेज इतकं घटू शकतं, नीती आयोगाचेच आकडे. आणि जमत असेल तर शहरात दोन-चार पंपांवर जुन्या गाड्यांसाठी ई-१० ची एक नळी ठेवा. तीही कल्पना माझी नाही, त्याच आराखड्यात आहे. पेट्रोलियम मंत्रालयाला आपण एक फोन केला तर फळ्यावरची ती ओळ आठवड्यात लिहून होईल. खडूनेही चालेल.

सुरुवात नागपुरापासून करा. पहिल्या पंपावर आपण याल तेव्हा मी मोजपात्र घेऊन येतो. लोकांसमोर ५० मिली पेट्रोल, १० मिली पाणी. वर्गात करायचो तसंच, फक्त निरांजनाची काळजी नको.

आपला,
आपल्याच मतदारसंघातला एक निवृत्त मास्तर
नागपूर

ता. क. नळी बदलली. मिस्त्रीने १८० रुपये घेतले, वहीत नोंद आहे. नवी नळी ई-२० ला चालते का, हे त्याने पाकिटावर शोधलं, मीही शोधलं. पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं.